इंग्लंडमधल्या खेड्यात 1930च्या दशकात राहणाऱ्या नातेवाइकांचं घर कसं शोधायचं?

1931ची जनगणना शोधत बसू नका. इंग्लंड-वेल्सचे ते कागद 1942च्या आगीत जळाले आणि 1941मध्ये युद्धामुळे गणनाच झाली नाही. थेट 29 सप्टेंबर 1939ची सरकारी नोंदवही ('1939 रजिस्टर') धरा: घरोघरची नावं, जन्मतारखा, कामधंदा. काही ओळी काळ्या पट्टीने झाकलेल्या दिसतील. ती माणसं हयात असू शकतात म्हणून.

खेड्यात बऱ्याच घरांना नंबर नसे, नुसतं नाव. तेही पुढे बदलतं. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा, मैलाला 25 इंचांचा नकाशा जोडीला घ्या, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. त्यावर 'पी. एच.' म्हणजे पब, 'डब्ल्यू.' म्हणजे विहीर, नुसता 'पी.' म्हणजे पाण्याचा पंप. नोंदवहीत पबवाला सापडला की शेजारची घरं लावणं सोपं जातं.