फॅरो, फारो की फॅरोह?

मुलाला इजिप्तवरचं पुस्तक वाचून दाखवताना एका वाचक ताईंना तीन शंका आल्या. फॅरो, फारो, फॅरोह यांतलं बरोबर कुठलं? पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूला फॅरो म्हणायचं का? आणि हत्शेप्सुत बाई होती, तर ती 'फॅरो' कशी, 'फॅरोराणी' का नाही?

तिन्ही गाठी एकाच ठिकाणी सुटतात. हा शब्द मुळात माणसाचा नव्हेच, घराचा आहे. प्राचीन इजिप्ती भाषेत 'पेर' म्हणजे घर आणि 'आ' म्हणजे मोठं. पेर-आ, म्हणजे थोरला वाडा. चित्रलिपीत 'पेर' लिहायचं ते घराचा नकाशाच काढून: एक आडवा चौकोन आणि खालच्या बाजूला दाराएवढी फट. (या लिपीत स्वर लिहीत नसत. 'पेर'मधला 'ए' आजच्या अभ्यासकांनी उच्चाराच्या सोयीसाठी घातलेला आहे.)

घराचं नाव माणसाला चिकटणं आपल्याला नवं नाही. 'वर्षावरून फोन आला' म्हटलं की बंगला बोलत नाही, मुख्यमंत्र्यांचा निरोप असतो, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जुन्या वळणाचा गृहस्थ 'कुटुंबाला विचारून सांगतो' म्हणायचा, तेव्हा तो घरात सभा भरवणार नसे. कुटुंब म्हणजे बायको! आणि 'हुजूर' हा शब्द तर अरबीत 'उपस्थिती' या अर्थाचा. समोर असण्यावरून तो समोरच्या धन्याचाच झाला.

इजिप्तमध्ये हा प्रवास फार सावकाश झाला. जुन्या राज्याच्या, म्हणजे मोठ्या पिरॅमिडांच्या काळात 'थोरल्या वाड्याचा मानकरी' अशा पदव्या सापडतात, पण तिथे वाडा म्हणजे वाडाच. बाराव्या वंशापासून (इजिप्तची राजघराणी अशी क्रमांकाने मोजतात) या शब्दापुढे 'आयुष्य, भरभराट, आरोग्य लाभो' असं शुभचिंतन जोडू लागले, तेही राजवाड्यासाठीच. थेट राजाला उद्देशून हा शब्द वापरल्याचा पक्का पुरावा अठराव्या वंशातला. अखेनातेन राजाला, म्हणजे इ.स.पू. १३५०च्या आसपास, लिहिलेल्या एका पत्रात तो येतो. त्याआधी आणि नंतरही राजाला अधिकृत पदव्या वेगळ्या होत्या. त्यांतली मला सर्वांत आवडणारी म्हणजे 'लव्हाळ्याचा आणि मधमाशीचा तो': लव्हाळं दक्षिण इजिप्तचं चिन्ह, मधमाशी उत्तरेचं, आणि दोन्हींचा धनी तो राजा.

आता खुफू. तो चौथ्या वंशातला, इ.स.पू. २६००च्या सुमाराचा. त्याच्या दरबारात कुणी 'पेर-आ' म्हटलं असतं तर लोकांनी राजाकडे नाही, भिंतींकडे पाहिलं असतं. त्याला फॅरो म्हणणं म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीला 'हुजूर' म्हणण्यासारखं आहे. तरी अभ्यासकही सरसकट सगळ्या राजांना फॅरो म्हणतात, तेव्हा गप्पांत कुणाला अडवू नका. पण नेमकं लिहायचं असेल तर 'राजा खुफू' म्हणा.

नावाच्या आधी पदवी म्हणून हा शब्द लावायची रीत आणखी उशिराची, इ.स.पू. दहाव्या शतकाच्या सुमाराची. याचं प्रतिबिंब बायबलमध्ये दिसतं. उत्पत्ती आणि निर्गम या पुस्तकांत नुसता 'फारो' आहे, नाव नाही. पुढे राजांच्या पुस्तकात मात्र 'फारो नखो' असं नावासकट येतं.

हा 'फारो' म्हणजे मराठी बायबलमधलं रूप. हिब्रूमधून ग्रीक, ग्रीकमधून लॅटिन, तिथून युरोपभर असा हा शब्द फिरला. अरबीत त्याचा 'फिरऔन' झाला. इंग्रजी उच्चारावरून आपल्याकडे 'फॅरो' आला आणि इतिहासाच्या लेखनात तोच रुळला आहे, तर तोच ठेवावा. बायबलविषयी लिहिताना 'फारो'. 'फॅरोह' मात्र सोडून द्या. इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं अक्षर हिब्रू लेखनाची आठवण आहे, आणि हिब्रूतही ते तिथे स्वर दाखवण्यापुरतंच होतं. न उच्चारायचं अक्षर आपण कशाला उच्चारायचं?

या शब्दाची गंमत त्याच्या माहेरी जाऊन पाहावी. इजिप्ती भाषेचं शेवटचं रूप म्हणजे कॉप्टिक. त्यात नामाआधी निश्चितता दाखवणारा 'प' लागतो. झालं, 'पेर-आ'चा घासून 'पर्रो' झाल्यावर बोलणाऱ्यांना वाटलं की सुरुवातीचा 'प' हा तोच 'प'. त्यांनी तो सोडवून बाजूला ठेवला आणि राजाला उरला 'अर्रो'. आपल्या नारिंगाचा 'न' युरोपात गळून 'ऑरेंज' झालं, त्याच जातीची ही चूक. घर या अर्थाचं अर्धं अक्षर असं मातृभूमीतच हरवलं, आणि परदेशात मात्र 'फ' होऊन टिकलं.

राहिली हत्शेप्सुत. इजिप्ती भाषेत राणीला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'राजाची बायको' असा होतो. स्वतः राज्य करणाऱ्या बाईला तो कसा चालणार? म्हणून तिने राजाच्याच पदव्या घेतल्या, शिल्पांत खोटी दाढीही लावली. पण तिच्या लेखकांनी जागोजागी या पदव्यांना स्त्रीलिंगी 'त' प्रत्यय जोडलेला आहे. तेव्हा 'फॅरोराणी' नको. 'फॅरो हत्शेप्सुत गादीवर बसली' असं बिनदिक्कत लिहा.