चिऊ, तुझ्या 'पानी'वरून

चिऊ राणी,

काल रात्री तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, मग परत एकदा ऐकला. सदाशिव पेठेत आजीकडे जाऊन तुला आठवडाच झालाय आणि शेजारच्या काकूंनी सगळ्यांसमोर 'पानी नाही गं, पाणी, ण म्हण ण' असं चारदा म्हणायला लावलं, पोरं हसली, आणि तू विचारतेस की मराठी माणसं सारखी दुसऱ्याचं बोलणं का सुधारतात, माझं मराठी वाईट आहे का?

वाईट नाहीये गं. पण ही सवय आपल्याकडे आहे, आणि पुण्यात जरा जास्तच. शाळेच्या पुस्तकांची, पेपरांची भाषा बरीचशी इथल्या बोलण्यावर बेतलेली, म्हणून आपलं ते शुद्ध आणि बाकीच्यांचं अशुद्ध असं इथे वाटत आलंय. माझी आजी जळगावकडची, लग्न होऊन पुण्यात आली आणि चारचौघांत बोलायचीच बंद झाली. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

तुला भक्ती बर्वे माहीत नाहीत. 1948 चा सांगलीचा जन्म, लहानपणी सुधा करमरकरांच्या बालनाट्यांत कामं केली, पुढे मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायच्या, आणि काय स्वच्छ उच्चार! आमच्या घरी बातम्या लागल्या की आजोबा म्हणायचे, ऐका, असं बोलायचं असतं. आणि ह्याच बाईंनी 1975 मध्ये 'ती फुलराणी'त मंजुळा केली. पु. ल. देशपांड्यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' ह्या इंग्रजी नाटकावरून लिहिलेलं नाटक, त्यात एक भाषेचा प्रोफेसर रस्त्यावर फुलं विकणाऱ्या मुलीला शुद्ध बोलायला शिकवतो, तिच्या बोलण्याची चेष्टा करतो, अगदी तुझ्या त्या काकूंसारखीच बघ.

मी चौथीत असेन, बाबांनी बालगंधर्वला नेलं होतं, बाल्कनीत बसलो होतो. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, आणि बातम्यांतल्या बाई कुठेच दिसेनात! आवाज फाटका, चाल वेगळी, शब्द तिच्या वस्तीतले. मग ती त्या मास्तरवर चिडून एकटीच बोलत सुटते, तुला चांगलाच धडा शिकवते म्हणते, ते मोठं स्वगत, आणि ते सगळं तिच्याच 'अशुद्ध' मराठीत, अख्खं थिएटर टाळ्या वाजवत होतं. माझ्या शेजारी माझी ती जळगावची आजी बसली होती, ती टाळ्या वाजवत नव्हती, पदराने डोळे पुसत होती. पुढे तीच मंजुळा झोकात शुद्ध बोलायला लागते तेही भक्तीबाईंनी इतकं सुंदर केलं, पण मला मनापासून आवडली ती आधीची, आणि आजही माझं तेच मत आहे. नंतर ही भूमिका प्रिया तेंडुलकर, अमृता सुभाष यांनीही केली, पण माझ्या कानात पहिलीच बसलीये.

त्यांनी इतरही खूप केलं. 'आई रिटायर होतेय'मधली आई, 1983 च्या 'जाने भी दो यारों' ह्या हिंदी सिनेमात ती धूर्त संपादिका शोभा (हे तू बाबासोबत बघ, खूप हसशील), 1990 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि 2001 च्या फेब्रुवारीत वाईहून कार्यक्रम करून मुंबईला परतताना एक्सप्रेसवेवर गाडीला अपघात होऊन गेल्या, फक्त 52 वर्षांच्या होत्या. माझ्या आजीने त्या दिवशी फोन केला होता, नुसतं 'आपली फुलराणी गेली गं' एवढंच म्हणाली, मी ऑफिसमध्ये उभीच राहिले.

तर काकूंना ण म्हणून दाखव, जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं, जमेल, छान अक्षर आहे ते. पण ओरडून शिकवायला लागल्या तर आजीजवळ जाऊन बस. आणि उद्या मंडईत जाशील तेव्हा फुलवाल्या मावशींकडून चार वेण्या घे, थोड्या गप्पा मार, आणि त्या काय काय बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत मला पाठव, एकही शब्द सुधारू नकोस.

तुझी,
आई