जिन्यातली चिठ्ठी

«ताई, माझे वय ३१ आहे. पुण्यात सहा वर्षे मी एका शाळेत गणित शिकवत होते. गेल्या सप्टेंबरमध्ये नवऱ्याच्या कंपनीने त्याला जर्मनीत स्टुटगार्टला पाठवले, म्हणून नोकरी सोडून, सहा वर्षांच्या मुलाला घेऊन मीही आले. पहिले दोन महिने सगळे छान वाटले. आता फेब्रुवारी चालू आहे आणि सकाळी उठावेसेच वाटत नाही. डिसेंबरमध्ये एका रविवारी मी खलबत्त्यात दाण्याचे कूट करत होते, तर दुसऱ्या दिवशी जिन्यात चिठ्ठी लावलेली. फोनवर भाषांतर करून वाचली. रविवारी ठोकाठोकी करू नये, असे लिहिले होते आणि खाली सही खालच्या मजल्यावरच्या आजींची होती. भेटल्यावर त्या माझ्याकडे पाहून हसतात, मग तोंडावर का सांगितले नाही? मुलगा एका मित्राकडे खेळायला गेला होता, तर संध्याकाळी सहा वाजता ‘आता आमची जेवायची वेळ झाली’ असे सांगून त्याला घरी पाठवले. माझ्या लेकराला कोणी पानावर बसवले नाही, म्हणून मी रात्रभर रडले. जर्मन शिकावीशीच वाटत नाही. आईला फोनवर ‘मजेत आहोत’ असे सांगते. नवरा म्हणतो, होईल सवय. नणंद म्हणते, लोक अशा संधीसाठी झुरतात. मी कृतघ्न आहे का? मुलाला घेऊन परत यावे का? आणि हा खलबत्ता आता डब्यात घालून माळ्यावर टाकू का?»

प्रिय मैत्रीण,

तुम्ही कृतघ्न नाही, हे आधी सांगते, कारण पत्रातला हा प्रश्न तुम्ही सगळ्यांत घाईने लिहून पुढे गेला आहात आणि मला तोच सर्वांत जड वाटला. नणंदेचे म्हणणे खोटे नाही, पण ते तुमच्या प्रश्नाचे उत्तरही नाही. एखादी गोष्ट चांगली असणे आणि तिच्यापायी बरेच काही गमावलेले असणे, ही दोन्ही एकाच घरात सुखाने नांदू शकतात. तुम्ही नोकरी, भाषा आणि आईच्या घरापर्यंतचा एका रात्रीचा प्रवास एकाच महिन्यात सोडलात. त्याचे दुःख झाले नसते, तर मला अधिक काळजी वाटली असती.

तुमच्या अवस्थेला नाव आहे आणि ते जुने आहे. कालेर्व्हो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९५४ मध्ये रिओ दी जानेरो येथे ‘कल्चर शॉक’, म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणारा धक्का, या विषयावर भाषण दिले आणि तिथून हा शब्द सर्वत्र गेला. ते भाषण कुठल्या विद्वत्परिषदेत नव्हे, तर परदेशात राहणाऱ्या स्त्रियांच्या एका मंडळापुढे झाले होते, हे मला फार बोलके वाटते. त्यात त्याने लक्षणांची मोठी यादी दिली: पाण्याची आणि अन्नाची अवाजवी काळजी, सतत हात धुणे, आपल्याला कोणीतरी फसवते आहे अशी शंका, क्षुल्लक उशिरावरून संताप, शून्यात लागलेली नजर, घरी जाण्याची अनावर ओढ, आणि या सगळ्यांच्या ओळीत बसलेले एक लक्षण म्हणजे त्या देशाची भाषा शिकायला नकार. ‘जर्मन शिकावीशीच वाटत नाही’ हे वाक्य तुम्ही स्वतःच्या आळसाची कबुली दिल्यासारखे लिहिले आहे. तो आळस नाही. मात्र हे लक्षण इतरांपेक्षा लबाड आहे, कारण तेच आजाराला खतपाणीही घालते. त्याकडे पुन्हा येते.

आधी हे पाहू, की थकवा नेमका कशाने येतो. पुण्यात सकाळी पावणेसातला घराबाहेर पडताना तुम्ही कशाचाही विचार करत नव्हता. भाजीवालीने कोथिंबिरीच्या जुडीवर चार पाने कढीपत्त्याची टाकली नाहीत, तर ती आज रागावली आहे, हे तुम्हाला न सांगता कळत होते. आता कचरा टाकतानासुद्धा डोके चालवावे लागते: कागद कुठे, साली कुठे, प्लॅस्टिक कुठे, आणि कोणती बाटली दुकानातल्या यंत्रात परत देऊन तिचे पैसे घ्यायचे. माझी स्वतःची तीन वर्षे त्याच देशात गेली. एका रविवारी मी मोठ्या उत्साहाने लोणच्याच्या रिकाम्या बरण्या काच जमा करायच्या कुंडीत टाकायला गेले. पांढरी काच वेगळी, हिरवी वेगळी, तपकिरी वेगळी, हे सगळे पाठ करून गेले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थाने मला थांबवून कुंडीवरची पाटी दाखवली. काच फुटल्याचा आवाज होतो, म्हणून रविवारी तिथे काही टाकायचे नसते. मी बरण्या घेऊन घरी आले आणि स्वयंपाकघरात बसून रडले. बरण्यांसाठी नव्हे. चाळिशीला टेकलेली, चार माणसांना सल्ले देणारी बाई एका पिशवीनिशी बालवाडीत परत गेली होती, त्याचे ते रडू होते. तुमच्या बाबतीत तर वर्गभर मुलांना बीजगणित समजावून सांगणारी बाई औषधाच्या दुकानात खोकल्याचे औषध मागू शकत नाही. हे दुखणे सहन न होण्यासारखेच आहे, आणि ते खालच्या आजींनी दिलेले नाही.

आता त्या आजींविषयी. आपल्याकडे जे तोंडावर सांगितले जात नाही, ते मनात धरलेले असते, म्हणून तुम्हाला त्यांचे हसू खोटे वाटते. तिथे बहुतेक वेळा तसे नसते. चिठ्ठीवर स्वतःची सही केली, याचा अर्थ त्यांनी काही लपवले नाही. दारात उभे राहून तुम्हाला अवघडून टाकण्यापेक्षा लिहिलेले बरे, असा त्यांचा हिशेब असणार, आणि त्यांच्या दृष्टीने ते प्रकरण तिथेच मिटले. रविवारी दिवसभर, रात्री दहा ते सकाळी सहा, आणि पुष्कळ इमारतींच्या नियमावलीत दुपारीही शांतता पाळायची असते. तुम्ही पुण्याहून गेला आहात. ‘दुपारी एक ते चार बेल वाजवू नये’ अशी पाटी लावणाऱ्या सदाशिव पेठेतल्या आजोबांशी या बाईंचे विलक्षण जमले असते, हे तुमच्या लक्षात यायला हवे होते. (मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, मला नेहमी वाटते, की स्वभाव पाहून स्थळ जुळवले असते, तर ते पुण्याचे निघाले असते.)

तुमच्या इमारतीत ‘केरवोखं’ असणारच, म्हणजे आळीपाळीने जिना झाडण्या-पुसण्याचा आठवडा. त्याची पाटी एका दाराच्या मुठीवरून दुसऱ्या दाराच्या मुठीवर जात राहते. स्टुटगार्टच्या १४९२ सालच्या नगरकायद्यात या शिस्तीचे मूळ सांगतात; शहराने सक्ती १९८० च्या दशकात काढून टाकली, पण भाडेकरारांतून आणि म्हाताऱ्या माणसांच्या नजरेतून ती अजून गेलेली नाही. पुढच्या वेळी ती पाटी तुमच्या दाराला लागेल, तेव्हा शनिवारी सकाळी, माणसे जिन्यातून ये-जा करत असताना, निवांत आणि नीट जिना पुसा. शंभर गोड शब्दांनी होणार नाही एवढी ओळख त्या एका तासात होईल. आजी बाहेर आल्या, तर फडके दाखवून ‘असेच ना?’ असे विचारा. चूक दाखवायला मिळाली, तर त्या तुम्हाला आयुष्यभर विसरणार नाहीत.

मुलाला जेवायला न थांबवण्याची गोष्ट मात्र मला आजही आवडत नाही, आणि ती आवडून घ्या असे मी सांगणार नाही. समजून घेता येते, इतकेच. तिथे संध्याकाळचे जेवण पुष्कळ घरांत थंड असते: पाव, लोणी, चीज, कापलेली काकडी, ते ठरलेल्या वेळी आणि मोजक्या माणसांसाठी मांडलेले असते. त्या आईच्या मनात असे असावे, की याच्या घरी याची आई स्वयंपाक करून वाट पाहत असेल आणि न विचारता त्याला खाऊ घातले, तर तो तिच्या कामात हस्तक्षेप होईल. आपण पाहुण्याला उपाशी पाठवत नाही, ते पाहुण्याच्या घराचे वेळापत्रक बिघडवत नाहीत. दोन्हीकडे आदरच आहे, पण आपल्या आदराला वरणभाताचा वास येतो आणि त्यांच्याला येत नाही.

याचीच दुसरी बाजू तुमच्याकडून घडत असण्याची शक्यता आहे. कोणी ‘कॉफी घेणार का?’ असे विचारले, की तुम्ही ‘नको, नको’ म्हणत असाल आणि दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत असाल. तो येत नाही. तिथे पहिला नकार हाच नकार असतो, आणि मग तुम्ही ‘साधे पाणीसुद्धा विचारले नाही’ असे मनात धरून घरी येता. पहिल्याच वेळी ‘गेर्नं’ म्हणा, म्हणजे ‘आनंदाने’. या एका शब्दावर माझी तिथली पहिली मैत्री उभी राहिली. आणि त्या मित्राला आणि त्याच्या आईला तुम्हीच बोलवा, पण दिवस, येण्याची वेळ आणि जाण्याची वेळही सांगून, आणि जेवण असणार आहे, हे आधी स्पष्ट करून. तुमच्या घरी तुमचा नियम चालू द्या. त्या मुलाने भाताला दुसऱ्यांदा ताट पुढे केले, की तुमची ती रात्र थोडी तरी फिटेल.

आता भाषेकडे येते. तुमच्या परवान्याच्या कार्डावर किंवा सोबतच्या कागदावर नोकरीविषयी काय लिहिले आहे, ते वाचा. कुटुंबासाठी मिळणाऱ्या परवान्यावर जोडीदाराला बहुधा काम करण्याची मुभा असते आणि कित्येक बायकांना ते वर्षभर माहीत नसते. परकीय नागरिकांच्या कार्यालयात एकात्मता अभ्यासक्रमाची चौकशी करा. नेहमीच्या अभ्यासक्रमात भाषेचे ६०० आणि देशाच्या ओळखीचे १०० तास असतात, तास ४५ मिनिटांचा, आणि बराच खर्च सरकार उचलते. तिथे जागा मिळेपर्यंत शहराच्या ‘फोल्क्सहोखशूलं’मध्ये, म्हणजे लोकशिक्षणाच्या संस्थेत, सकाळचा वर्ग धरा. घरी बसून फोनवर भाषा शिकू नका. तुम्हाला क्रियापदांपेक्षा जास्त गरज आहे ती सकाळी नऊ वाजता कुठेतरी पोहोचण्याची, आणि सीरियाच्या, ब्राझीलच्या, युक्रेनच्या अशा माणसांच्या शेजारी बसण्याची, जी तुमच्याइतकीच चुकत असतील. तिथल्या शाळेत शिक्षिका होण्याची वाट लांब आणि कठीण आहे, हे मी लपवणार नाही, पण गणिताची शिकवणी घ्यायला थोडी भाषा आणि एक फळा पुरतो. आदरार्थी आणि एकेरी संबोधनाची जी भानगड इंग्रजी बोलणाऱ्यांना छळते, ती तर तुम्ही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ मधून आयतीच घेऊन गेला आहात.

भारतीय बायकांचा एखादा व्हॉट्सॲप गट तुम्हाला सापडला असेल, तर त्याचा आधार जरूर घ्या, पण थोडे कान उघडे ठेवून. डोसा-पीठ कुठे मिळते, हे सांगणारा गट सोन्यासारखा असतो. रोज ‘हे लोक असेच’ म्हणणारा गट पहिल्या महिन्यात औषध असतो आणि सहाव्या महिन्यात व्यसन.

नवऱ्याशी बोलताना ‘मला इथे आवडत नाही’ असे म्हणू नका. त्यावर ‘होईल सवय’ याखेरीज त्याच्याकडे उत्तर नाही. त्याचे ऑफिस इंग्रजीत चालते, पुण्यात करत होता तेच काम तो तिथे करतो आणि दिवसातून आठ तास तो हुशार माणूस असतो. तुम्ही तेवढा वेळ नसता. ही तफावत त्याला याच शब्दांत सांगा आणि मग ठोस मागणी करा: आठवड्यातून दोन सकाळी मुलाला शाळेत त्याने सोडायचे, शाळेच्या पालकसभेला त्याने यायचे, डॉक्टरांची वेळ त्याने घ्यायची.

आईला मात्र खरे सांगा. मुलगा झोपल्यावर रात्री आठला तुम्हाला उसंत मिळते, तेव्हा सांगलीत असो की पुण्यात, साडेबारा वाजलेले असतात. म्हणून फोन होतो तो घाईत, आणि घाईत ‘मजेत’ हाच शब्द सोपा असतो. शनिवारी सकाळी सावकाश फोन करा, तिच्याकडे तेव्हा दुपार असते. ती रडेल, मग दोन उपाय सुचवेल, त्यातला एक मूर्खपणाचा असेल. पण लेक खोटे बोलते आहे, हे तिला आवाजावरून बहुधा आधीच कळलेले आहे आणि एकटीने ते ओझे वागवणे तिलाही सोपे जात नसणार.

परत येण्याचा निर्णय फेब्रुवारीत घेऊ नका. डिसेंबरमध्ये तिथे साडेचारला अंधार पडतो आणि सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. अशा तीन महिन्यांनंतर घेतलेल्या निर्णयात तुमचा वाटा किती आणि ढगांचा किती, हे सांगता येत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर पुढे जातील आणि संध्याकाळ लांबेल. अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन अभ्यासकांची पाहणी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तीत सहा ते अठरा महिने राहिलेले लोक त्याहून कमी किंवा जास्त राहिलेल्यांपेक्षा कमी रुळलेले आढळले. पुढच्या संशोधकांना हा आलेख सगळीकडे इतका नेटका दिसला नाही, त्यामुळे त्यावर विसंबून तारखा मोजू नका. तरी पाचव्या-सहाव्या महिन्यात तुम्ही खचल्या आहात, यात जगावेगळे काही नाही, एवढे त्यातून घ्या. भाषेचा एक वर्ग पूर्ण होईपर्यंत थांबा. मग तिघांनी बसून ठरवा, आणि परतणे ठरले, तर तो पराभव समजू नका. मात्र झोप, भूक आणि उठण्याची इच्छा दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेली असेल, किंवा जगणे नकोसे वाटले, तर तो निव्वळ कल्चर शॉक नव्हे. घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांना लगेच भेटा आणि नवऱ्याला बरोबर न्या. असा उपचार तिथल्या आरोग्यविम्यात बसतो.

कोणीतरी तुम्हाला आनंदीबाई जोशींचे उदाहरण देईल, की त्या १८८३ मध्ये अठराव्या वर्षी नवऱ्याशिवाय अमेरिकेला गेल्या आणि डॉक्टर झाल्या. देणाऱ्याला हेही आठवू द्या, की त्या १८८६ मध्ये आजारी होऊन परतल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. मला त्यांचे दुसरेच काही आठवते. तिथल्या थंडीत नऊवारीने पाय उघडे पडतात, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. साडी सोडली नाही, नेसण फिरवली.

खलबत्ता माळ्यावर टाकू नका. कुटण्याचा हादरा हवेपेक्षा जमिनीतून जास्त जातो, म्हणून त्याच्या खाली जाड टॉवेलची चार पदरी घडी ठेवा आणि मगच कुटा. आठवड्याचे कूट शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास करून ठेवा. त्यातले वाटीभर घालून लाडू वळलेत, तर आजींकडे दोन पाठवा. पण आधी त्यांना दाणे चालतात का, तेवढे विचारा. तिथे शेंगदाण्याची ॲलर्जी हा चेष्टेचा विषय नाही.

तुमची,
ताई