बाइक सोडून स्पोर्ट्स कार घेतली, तर वळणांवरची ती मजा तशीच मिळते का?

तुम्ही लिहिलंय की बारा वर्षं ६०० सीसीची स्पोर्ट बाइक चालवली, आता दोन सीटची स्पोर्ट्स कार घ्यायचं मनात आहे. वळणांच्या रस्त्यावर तीच मजा येईल का, बाइकवर शिकलेलं किती उपयोगी पडेल, गाडी कोणती बघावी आणि बाइक विकावी का, असे तुमचे प्रश्न आहेत. मीही ६०० सीसीच्या बाइकवरूनच गाडीकडे आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीच मजा येत नाही. वेगळी येते, आणि ती हाती लागायला मला जवळपास वर्ष लागलं, कारण तेवढा वेळ मी गाडीत बाइकच शोधत होतो.

बाइकवर वजन आपण स्वतः हलवतो. वळणाच्या आधी अर्धं अंग सीटवरून आत काढायचं, बाहेरच्या मांडीने टाकी आवळायची, आतल्या बाजूचं हँडल हलकेच पुढे ढकलायचं, की बाइक झुकते. स्वार धरून सगळं मिळून २७० किलो असेल तर त्यातले ८० किलो आपण असतो. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा आपल्या अंगाच्या ताब्यात. घोड्यावर मांड बसणं म्हणतात ते हेच. गाडीत ११५० किलोंपैकी आपण ८० किलो, आणि तेही पट्ट्याने सीटला बांधलेले. पहिले कित्येक दिवस मी प्रत्येक वळणाला खांदा आत झुकवत होतो. त्याने गाडीला तसूभरही फरक पडत नाही.

पण वजन गाडीतही हलतंच. ते हलवायचं काम मांडीकडून पावलांकडे जातं, एवढं समजलं की निम्मं काम झालं. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, पुढचे टायर रस्त्यावर दाबले जातात आणि स्टिअरिंगला चावा येतो. थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) दिला की गाडी मागे बसते, पुढची बाजू हलकी होते आणि गाडी वळणाच्या बाहेर जायला बघते. स्टिअरिंग फिरवण्याच्या त्या क्षणाला वजन कुठे आहे, यावर गाडी वळणार की सरळ जाणार हे ठरतं. बाइकवर हेच घडतं, पण तिथे झुकण्याचा अनुभव इतका मोठा असतो की वजनाचं पुढेमागे जाणं त्याखाली दबून जातं.

मला हे कळलं ते बंद ट्रॅकवरच्या एका प्रशिक्षणाच्या दिवशी. गाडी घेऊन सहा महिने झाले होते. सरळ रस्त्याच्या शेवटी तिसऱ्या गिअरमधलं एक लांब वळण होतं, आणि तिथे दर वेळी माझी गाडी नाक बाहेर काढून घसटत जायची. मी अजून स्टिअरिंग फिरवायचो, ती अजून घसटायची. शेजारी बसलेले प्रशिक्षक तीन फेऱ्या काही बोलले नाहीत. चौथीला म्हणाले, "ब्रेक मारता छान, पण सोडता झटक्यात. सोडायला शिका." मग त्यांनी त्याच वळणाच्या दहा फेऱ्या करायला लावल्या. वेग मुद्दाम कमी ठेवला. ब्रेक सरळ रेषेत जोरात दाबायचा, स्टिअरिंग फिरायला लागलं की पाय उचलायला लागायचं, आणि पाय पूर्ण उचलला जायचा तो वळणाच्या आतल्या टोकाजवळ. ते शेजारी बसून सावकाश मोजत होते, एक, दोन, तीन.

सातव्या की आठव्या फेरीला ते जमलं. स्टिअरिंग बोटांत थोडं जड झालं, नाक आत ओढलं गेलं आणि गाडी माझ्या कमरेभोवती फिरल्यासारखी वळली. मी काहीही जादा केलं नव्हतं. फक्त पेडल सोडताना घाई केली नव्हती. आधी मी झटक्यात ब्रेक सोडायचो तेव्हा दबलेलं नाक वर उसळायचं, आणि नेमकं तेव्हाच मी हलक्या झालेल्या टायरांकडून वळण मागायचो. तुम्ही ज्या मजेबद्दल विचारताय ती मला गाडीत पहिल्यांदा त्या फेरीत मिळाली, आणि वेग तेव्हा रोजच्यापेक्षा कमी होता.

यातली गंमत अशी की हेच काम मी बाइकवर वर्षानुवर्षं दोन बोटांनी करत होतो. वळणात शिरताना पुढचा ब्रेक हळूहळू सोडत जाणं तुम्हालाही सवयीचं असणार. ते ज्ञान डोक्यात आहे, पायात नाही. बाइकवर उजव्या पावलाला नाजूक काम फारसं दिलेलंच नसतं. म्हणून गाडी चालवताना जाड तळव्याचे रायडिंग बूट घालू नका, पातळ आणि सपाट तळव्याचे बूट घ्या. पेडलचा दाब तळपायाला कळला पाहिजे. साधी गोष्ट आहे, पण मला तिने फार फरक पडला.

गिअर खाली टाकतानाही असंच होतं. बाइकवर उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर आणि त्याच हाताचं मनगट थ्रॉटलवर, त्यामुळे ब्रेक चालू असताना, खालच्या गिअरशी जुळावेत म्हणून इंजिनचे फेरे वाढवणं जवळजवळ आपोआप होतं. गाडीत दोन्ही कामं एकाच उजव्या पायाची. पावलाचा पुढचा भाग ब्रेकवर ठेवून त्याच पावलाच्या बाहेरच्या कडेने किंवा टाचेने थ्रॉटलला टिचकी द्यायची. हिला हील अँड टो म्हणतात. रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात महिनाभर सराव करा. ब्रेकवरचा दाब तसूभरही न बदलता टिचकी देता येईपर्यंत जोरात चालवताना ती वापरू नका.

आता धोक्यांबद्दल. बाइकवाल्याला गाडीत फसवणारी पहिली गोष्ट म्हणजे वेगाची जाणीव. ताशी १०० किलोमीटरला बाइकवर वारा छातीवर आदळतो, हेल्मेटमध्ये घोंगावतो. गाडीत त्याच वेगाला शांतता असते, आणि अंगाला हवी असलेली झिंग शोधत पाय आपोआप खाली जातो. पण त्या वेगाला १२०० किलोंच्या गाडीत साठलेली ऊर्जा २८० किलोंच्या बाइक-स्वारापेक्षा चौपटीहून जास्त असते, आणि ती सगळी ब्रेकना उष्णता म्हणून गिळायची असते. सुरुवातीला वळणाच्या आधी स्पीडोमीटरकडे नजर टाकाच. मी अजूनही टाकतो.

दुसरी गोष्ट, वळणाच्या मध्यात घाबरून पाय उचलणं. मी हे ओल्या रस्त्यावर केलं आहे. उताराचं वळण वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आवळत गेलं, मी थ्रॉटल एकदम सोडला, वजन मागच्या चाकांवरून उठून पुढे आलं आणि गाडीची शेपटी बाहेर निघाली. ईएसपी, म्हणजे घसरती गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, चालू होतं म्हणून सावरलं. ते बंद करून चालवण्यात काही मर्दुमकी नाही, रस्त्यावर ते कायम चालू ठेवा. मागचं चाक घसरलं तर काय करू नये हे तुम्हाला बाइकवरून पाठ असेल: थ्रॉटल खटकन बंद केला की चाक अचानक पकड घेतं आणि बाइक स्वाराला वर फेकते. गाडीतही पाय शांत ठेवायचा, नजर जायचं तिकडे, आणि हात नजरेच्या मागे जाऊ द्यायचे.

पुढचं चाक घसरण्याची भीती मात्र तुम्हाला थोडी उतरवून ठेवावी लागेल. बाइकवर पुढचं चाक गेलं की बहुतेक वेळा आपण जमिनीवर. गाडीत पुढची चाकं घसरायच्या आधी स्टिअरिंग हलकं पडतं, टायर कुरकुरतात, आणि थोडं स्टिअरिंग परत सोडून थ्रॉटल कमी केला की पकड परत येते. वळणावर चिमूटभर खडी आली तर बाइकवर काळजात धस्स होतं, तिथे गाडी हातभर सरकते आणि पुढे जाते. पाच-सहा वर्षांपूर्वी अशाच खडीवर माझं कॉलरबोन मोडलं होतं आणि गाडीचा विचार तिथून सुरू झाला, म्हणून हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

रस्ताही वेगळा दिसतो. बाइकला आपल्या लेनमध्येच दोन-अडीच मीटर रुंदी खेळायला असते, बाहेरून शिरून लांबवर बघता येतं. पावणेदोन मीटर रुंदीची गाडी लेनचा निम्म्याहून जास्त भाग व्यापते, रेषा निवडायला फार थोडी जागा उरते. त्यात विंडस्क्रीनच्या कडेचा जाड खांब नेमका वळणाच्या आतलं दृश्य खातो, एखादी सायकल त्याच्यामागे पूर्ण लपू शकते. वळण आलं की मान पुढे-मागे करून खांबाभोवतून बघायची सवय लावा. ओव्हरटेकचं गणित तर पहिल्या दिवसापासून नव्याने मांडा. तुमची बाइक स्वारासकट टनामागे चारशेहून जास्त अश्वशक्तीची असेल, हलकी स्पोर्ट्स कार दीडशेच्या आसपास. बाइकवर जी जागा पुरेशी वाटायची ती गाडीत पुरत नाही.

सरळ रस्त्यावर बाइक पुढे जाणार, यात वाद नाही. पण वळणात? १ जी, म्हणजे आपल्या वजनाइतक्या, जोराने वळायला बाइकला सुमारे ४५ अंश झुकावं लागतं, आणि सार्वजनिक रस्त्यावर तितकं झुकून राखीव काहीच उरत नाही. चांगल्या टायरवरची स्पोर्ट्स कारही साधारण तेवढाच जोर पेलते, पण चार चाकांवर उभी राहून. ब्रेकमध्येही जोरात दाबल्यावर बाइकचं मागचं चाक उचललं जातं, गाडीला ती अडचण नसते. त्यामुळे आखूड वळणांच्या रस्त्यावर कमी ताकदीची गाडी बाइकच्या फार मागे राहत नाही.

एका वाहनावरचं दुसऱ्यावर किती उतरतं याचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे जॉन सर्टीस. १९५६ ते १९६० या काळात त्यांनी एमव्ही अगुस्तावर मोटरसायकलची सात विश्वविजेतेपदं घेतली, १९६० मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरले आणि दुसऱ्याच शर्यतीत, सिल्व्हरस्टोनला, दुसरे आले. १९६४ मध्ये फेरारीतून ते विश्वविजेते झाले. दोन्ही प्रकारांत विश्वविजेता झालेले ते एकमेव. रस्ता वाचणं, टायरची पकड अंगाने ओळखणं, नजर लांब ठेवणं हे बाइक इतकं पक्कं शिकवते की निव्वळ गाडीवर शिकलेल्याला ते यायला फार वेळ लागतो.

गाडी कोणती, यावर माझं मत ठाम आहे: हलकी, मागच्या चाकांना ताकद देणारी, हाताने गिअर टाकायची आणि कमी अश्वशक्तीची. चारशे अश्वशक्तीच्या गाडीत तुम्ही चुका ताकदीने झाकाल आणि ब्रेक सोडायला कधीच शिकणार नाही. मी माझदा एमएक्स-५ घेतली. १९८९ साली ती आली तेव्हापासून तिच्या रचनेमागे जपानी भाषेतली 'जिन्बा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, ही कल्पना आहे. मांड ठोकायची सवय असलेल्याला ती लगेच पटते. डोक्यावर छत आणि जरा जास्त ताकद हवी असेल तर टोयोटा जीआर८६ किंवा सुबारू बीआरझेड बघा. बाइकच्या इंजिनाचा किंचाळता आवाज सोडवत नसेल, तर जुनी होंडा एस२००० आहे. १९९९ ची, सुरुवातीची दोन लिटरची इंजिनं मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जायची. मात्र ती पहिली गाडी म्हणून घेऊ नका, ओल्यात तिची शेपटी पटकन निघते.

गाडी घेतल्यावर ताकद वाढवण्यावर काहीही खर्च करू नका. आधी चारही टायर एकाच जातीचे, चांगले आणि ताजे. मग ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकपर्यंत नेणारा द्रव. डॉट ४ या दर्जाच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर जोरात चालवताना ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. जुनी गाडी घेतली तर पहिल्या आठवड्यात फ्लुइड बदला. त्यानंतर एक दिवस ट्रॅकवर प्रशिक्षकाबरोबर घालवा. माझ्यासारखे सहा महिने थांबू नका.

बाइक लगेच विकू नका, निदान वर्षभर ठेवा. मी अजून ठेवली आहे. महिन्यातून दोनदा पहाटे काढतो, आणि गाडीत शिकलेलं ब्रेक सोडणं आता बाइकवरही वापरतो. पुढचा काटा (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) पूर्वी झटक्यात वर यायचा, आता सावकाश येतो, आणि ज्या आवळत्या वळणांवर मी घट्ट होऊन बसायचो तिथे खांदे सैल राहतात.