ऑनलाइन सेलमध्ये होणारी उगाचची खरेदी कशी आवरावी?

इच्छाशक्तीच्या भरवशावर राहू नका. मनात आलं आणि पैसे गेले, यांतलं अंतर अ‍ॅपवाल्यांनी मुद्दाम पुसलंय. ते परत आणायचं.

सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे अ‍ॅपमध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढून टाकणं. ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराकडे कार्डाचा खरा नंबर राहत नाही, फक्त टोकन, म्हणजे नंबराऐवजी वापरायचा सांकेतिक कोड राहतो. पण त्या टोकनवरही पैसे तितक्याच झटकन जातात. तेही डिलीट करा. दर वेळी अख्खा नंबर टाकायचा म्हटलं की बऱ्याच वस्तू कार्टातच राहतात. (आळस असा क्वचितच कामाला येतो.) बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करता येतात किंवा त्यांना मर्यादा घालता येते. रिझर्व्ह बँकेने 2020 मध्येच ही सोय बंधनकारक केली. यूपीआयला पगाराचं खातं न जोडता कमी शिल्लक असलेलं वेगळं खातं जोडा.

‘फक्त 2 उरलेत’ला भुलू नका. अशी खोटी घाई दाखवणं, न विचारता कार्टात वस्तू घुसडणं, या दोन्हींना केंद्राच्या 2023 च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणाऱ्या डिझाइनच्या क्लृप्त्या) नियमावलीत मनाई आहे. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर करता येते.

चैनीला थोडे पैसे मात्र ठेवाच, नाहीतर दिवाळीत बांध फुटतो.

आणि नो-कॉस्ट ईएमआय, म्हणजे ‘बिनव्याजी’ म्हणून दिलेले हप्ते: व्याजाइतकी सूट दाखवतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी तुम्हीच भरता, बऱ्याचदा प्रोसेसिंग फीसुद्धा.