भावी शिक्षकांना भूमिती शिकवताना

तुमच्या वर्गातील भावी शिक्षकांना प्रमेये बहुधा पाठ असतील, म्हणून सुरुवात प्रमेयांनी न करता व्याख्यांनी करावी, असे मी सुचवेन. समलंब चौकोनात समांतर बाजूंची 'किमान एक' जोडी असते की 'नेमकी एक', एवढाच प्रश्न विचारा. समांतरभुज चौकोन त्या गटात येतो की नाही, हे या एका शब्दावर ठरते आणि व्याख्या हा माणसाने केलेला निर्णय असतो, हे त्यांना प्रथमच जाणवते. पिएर आणि डिना व्हॅन हिले या डच दांपत्याने १९५७ मध्ये मांडलेल्या भूमितीच्या आकलनाच्या पातळ्या, म्हणजे विद्यार्थ्याची भूमितीची समज टप्प्याटप्प्याने कशी वाढते याची मांडणी, यानंतर सांगाव्यात. आधी सांगितल्यास ती केवळ परीक्षेची टिपणे होतात.

घनभूमितीत घाई करू नका. साबणाच्या घनाकृती वडीला एका सपाट कापाने किती प्रकारचे छेद मिळतील, याचा अंदाज आधी लिहून घ्या आणि मगच सुरी हाती द्या. त्रिकोण व चौकोन सर्वांना सुचतात. परंतु सहा योग्य कडांच्या मध्यबिंदूंतून जाणारा काप सुसम षटकोन देतो, यावर विश्वास बसायला वेळ लागतो (मलाही लागला होता). तो षटकोन सुसम का, याची सिद्धता त्यांच्याकडूनच काढून घ्या. सूचीच्या (पिरॅमिडच्या) घनफळातील एक तृतीयांशही सूत्र म्हणून देऊ नका. घनाच्या एकाच शिरोबिंदूतून तीन एकरूप सूची कापता येतात, त्या कागदाच्या करवून जुळवायला लावा. संगणकावरील फिरती चित्रे यानंतर दाखवली तरी चालतील.