वाचक विचारतात : मनाईच नव्हती, मग अडवलं कशाने?

प्रश्न : भारतात स्त्रियांना वकिलीची मनाई करणारं कलमच नव्हतं म्हणे. मग सनद का मिळत नव्हती?

उत्तर : खरंय, तसं कलम नव्हतं. 1879च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टमध्ये शब्द होता ‘पर्सन’, म्हणजे व्यक्ती. शिवाय पुल्लिंगी शब्दात स्त्रीही धरावी, हा नियम जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये, म्हणजे कायद्यांतल्या शब्दांचा अर्थ कसा लावावा हे सांगणाऱ्या कायद्यात, होताच. मेख त्याच नियमाच्या अटीत होती : संदर्भ विरोधात नसेल तरच. 1916मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता हायकोर्टाने फेटाळला तो याच फटीतून. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात स्त्री-वकील नव्हतीच, सबब ‘व्यक्ती’ म्हणजे पुरुष! 1921मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरांच्या वाट्यालाही नकारच आला. त्याच वर्षी अलाहाबादने मात्र नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजींना सनद दिली. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्यांनी 1892मध्येच दिली होती. पदवी हातात पडली 1922ला.

एकाच शब्दाचे दोन अर्थ लागू लागल्यावर 1923चा कायदा आला : केवळ स्त्री आहे म्हणून कुणी अपात्र नाही.

प्रश्न : म्हणजे तिथे अडथळे संपले?

उत्तर : छे. ते सेवानियमांत जाऊन बसले. परराष्ट्र सेवेतल्या स्त्रीला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागे, पुरुषाला नाही. याच सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा सुप्रीम कोर्टात गेल्या, तेव्हा कुठे हे नियम सुटू लागले. निकालाचं साल 1979.